स्वयंपाकघर शाळेत नेणारे पंडित : जॉन ड्यूई

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, हा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्यावर सोपविले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. संतांची व देशभक्तांची चरित्रे लिहिणाऱ्या, माझ्याहून जाणत्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. परंतु एका माणसाविषयी लिहावे असे माझ्या मनात गेले वर्षभर घोळत होते. त्याचे कारण आधी सांगते.

आपल्या बालवाडीच्या पालकसभेत मागे एक तक्रार निघाली. मुले वाटाण्याच्या शेंगा सोलतात, धान्य निवडतात, मातीची भांडी करतात, फुले ओवतात. पण शंभरपर्यंत अंक लिहिणे अजून येत नाही. घरची कामे घरी आहेतच, त्यासाठी बालवाडी कशाला, असा एकंदर सूर होता. मी मागे सतरंजीवर बसले होते. काही बोलले नाही, कारण मलाही तसेच वाटत होते. माझी स्वतःची शाळा घरकामापायीच सुटली. आई अंथरुणाला खिळली, पाठीवर तीन भावंडे, आणि पोळ्या लाटणारे हात काय ते माझेच. तेव्हापासून चूल आणि पाटी ह्या एकमेकींच्या सवती, असे माझ्या मनात बसले होते.

पुढे थोरली मुलगी अध्यापक विद्यालयात शिकू लागली. तिच्या पुस्तकात जॉन ड्यूई ह्या अमेरिकन पंडितांवर एक धडा होता. ती परीक्षेसाठी मोठ्याने वाची आणि मी भाजी चिरता चिरता ऐके. ह्या तत्त्ववेत्त्यांनी विद्यापीठात एक शाळा काढली आणि त्या शाळेत मुलांना स्वयंपाक, शिवण, सूतकताई व सुतारकाम दिले, हे ऐकले तेव्हा माझा हात थांबला. मग वाचनालयात जे सापडले ते वाचले, इंग्रजीतले मुलीकडून समजावून घेतले. त्यातून जे मनात राहिले ते आपल्यापुढे ठेवते.

जॉन ड्यूई यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ रोजी अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात बर्लिंग्टन ह्या गावी झाला. गाव सरोवराच्या काठी वसलेले, लाकडाच्या व्यापाराचे. वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. आई ल्यूसिना ही वयाने वडिलांहून बरीच लहान, मोठी धर्मनिष्ठ आणि गोरगरिबांच्या मदतीस जाणारी होती. आपल्या मुलांनी कॉलेजात शिकावे, असा तिचा ध्यास होता.

जॉनच्या जन्माआधी त्या घरावर मोठा घाला पडला होता. जानेवारी १८५९ मध्ये त्यांचा थोरला मुलगा, अजून बोबडे बोलणारे पोर, घरातच कढत पाण्याने भाजून दगावला. त्याचेही नाव जॉनच होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात हा मुलगा झाला आणि आईबापांनी त्याला गेलेल्या लेकराचे नाव ठेविले. आपल्याकडेही असे करतात. ते नाव घेऊन हाक मारताना त्या माउलीला काय वाटत असेल, हे आपल्याला सांगावयास नको.

जॉन मोठा झाला तो लाजाळू आणि पुस्तकांत रमणारा म्हणून. पण त्या काळी त्या गावात मुलांनी नुसते बसून राहण्याची चाल नव्हती. जॉनने घरोघर वर्तमानपत्रे टाकली, लाकडाच्या वखारीत फळ्यांची मोजदाद केली. घरी, शेतावर, दुकानात मुलांच्या डोळ्यांदेखत सगळे तयार होई आणि मुले त्यात हात घालीत. शाळा मात्र कंटाळवाणी होती. आपल्याला जे खरे शिक्षण मिळाले त्यातले पुष्कळसे शाळेबाहेर मिळाले, असे ते पुढे मानीत असत. त्यांच्या साऱ्या विचाराचे बी येथेच पडले, असे मला वाटते.

१८७९ साली ते गावच्याच विद्यापीठातून पदवीधर झाले आणि पेन्सिल्व्हेनिया राज्यात ऑइल सिटी नावाच्या गावी शाळामास्तर झाले. तेथे दोन वर्षे शिकविल्यावर ते परत आले. पुढे शिकण्याची ओढ होती, पैसा नव्हता. तेव्हा नात्यातील एका बाईंकडून पाचशे डॉलर कर्जाऊ घेतले आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. १८८४ साली तेथे त्यांना डॉक्टरेट मिळाली व लगेच मिशिगन विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकविण्याचे काम मिळाले.

मिशिगनमध्ये ते ज्या घरी खाणावळीला राहिले, त्याच घरी ॲलिस चिपमन नावाची विद्यार्थिनी राहत होती. ॲलिसचे आईबाप ती लहान असतानाच वारले होते. आजोबा-आजींनी तिला वाढविले. तिने आधी शाळांतून शिक्षिकेचे काम केले आणि मग ती विद्यापीठात आली. वयाने ती ड्यूईंहून एका वर्षाने मोठीच होती. स्वभाव करारी, अन्याय दिसला की गप्प न बसणारी. १८८६ साली त्यांचे लग्न झाले. तोवर ड्यूईंचे तत्त्वज्ञान पुस्तकांत आणि आकाशात होते. माणसे कशी जगतात, गरिबांचे काय होते, बायकांना शिकता का येत नाही, ह्या जमिनीवरच्या प्रश्नांकडे त्यांचे तोंड वळविले ते ॲलिसने. त्यांच्या मुलीने पुढे लिहिलेल्या चरित्रात हे नमूद आहे. म्हणून ड्यूईंची गोष्ट सांगताना ॲलिसची गोष्ट टाळली तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होईल.

फ्रेड, एव्हलिन आणि मॉरिस अशी तीन मुले त्यांना झाली. आपली मुले कशी रांगतात, वस्तू कशी उचलतात, चुकतात, पुन्हा करतात, हे ड्यूई बारकाईने पाहत. ही मुले सकाळपासून रात्रीपर्यंत शिकतच असतात आणि शाळेत गेली की शिकणे थांबते, असे का व्हावे, हा प्रश्न त्यांना घरातच पडला.

१८९४ साली शिकागोच्या नव्या विद्यापीठाने त्यांना बोलाविले. विद्यापीठ उघडून दोनच वर्षे झाली होती. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र हे तिन्ही विषय ड्यूईंच्या हाती आले. त्या वेळी शिकागो शहर धुराने व गिरण्यांनी भरलेले होते. देशोदेशींचे गरीब लोक पोट भरण्यास तेथे येत. ड्यूई पोहोचले त्याच उन्हाळ्यात तेथे रेल्वे कामगारांचा मोठा संप चालू होता. जेन ॲडम्स ह्या विदुषींनी गरीब वस्तीत हल हाउस नावाचे सेवागृह १८८९ पासून चालविले होते. तेथे शिवणवर्ग, वाचनालय, बालवर्ग, चर्चा सारे चाले. आपल्या मंडळासारखेच, पण फार मोठ्या प्रमाणावर. ड्यूई पतिपत्नी तेथे वरचेवर जात. पुढे त्यांनी आपल्या एका मुलीचे नाव जेन ठेविले, ते ह्याच बाईंवरून.

पण शिकागोचा संसार नीट बसण्याआधीच त्यांच्यावर आघात झाला. १८९५ साली कुटुंब युरोपच्या प्रवासात असता इटलीत मिलान शहरी धाकटा मॉरिस घटसर्पाने गेला. वय अवघे अडीच वर्षांचे. आईबापांनी ते दुःख उरात घेऊन शिकागो गाठले आणि पुढच्याच जानेवारीत, १८९६ साली, ती शाळा उघडली.

एका राहत्या घरात, सोळा मुले आणि दोन शिक्षक, एवढ्यावर शाळा सुरू झाली. ही शाळा विद्यापीठाची होती. आपल्याकडे अध्यापक विद्यालयांना जोडलेल्या सराव पाठशाळा असतात. तेथे होणारे शिक्षक पाठ घेऊन हात बसवितात. ड्यूईंचा हेतू त्याहून वेगळा होता. रसायन शिकवावयाचे तर प्रयोगशाळा लागते. मग मुले कशी शिकतात हे विद्यापीठाला शिकवावयाचे असेल तर त्याचीही प्रयोगशाळा नको काय? ती म्हणजे ही शाळा. तीत पारखावयाची होती ती मोठ्यांची शिक्षणाविषयीची मते. मुलांची परीक्षा पाहण्याचा तेथे हेतू नव्हता. पुढे तिला प्रयोगशाळा हेच नाव पडले. ते नाव एला फ्लॅग यंग ह्या त्यांच्या सहकारी बाईंनी सुचविले. ह्याच एलाबाई १९०९ साली शिकागो शहरातील सर्व सार्वजनिक शाळांच्या प्रमुख झाल्या. एवढ्या मोठ्या शहराच्या शाळांचा कारभार एका स्त्रीच्या हाती येण्याची अमेरिकेतील ती पहिलीच वेळ.

शाळेसाठी बाके व मेजे घेण्यास ड्यूई शहरातील दुकाने हिंडले. कोठेही मनासारखे मिळेना. शेवटी एका समजूतदार दुकानदाराने त्यांना नेमके काय ते सांगितले. ह्यांना हवी होती मुलांना काम करता येईल अशी मेजे, आणि साऱ्या शहरात मिळत होती ती मुलांनी बसून ऐकावे अशी. हा प्रसंग ड्यूईंनी पुढे आपल्या व्याख्यानांत मोठ्या चवीने सांगितला. नुसत्या बाकांकडे पाहूनच शाळा मुलांकडून काय मागते हे कळते, हे मला त्या दिवशी प्रथम समजले.

आता त्या शाळेत काय चाले ते सांगते. चार-पाच वर्षांची मुले घरच्या कामांपासून आरंभ करीत. घर कसे चालते, जेवण कोठून येते, कपडा कोठून येतो. सहा वर्षांची मुले शेताकडे वळत. त्यांनी लाकडाच्या ठोकळ्यांचे शेतघर केले, गहू पेरला, पुढे तो झोडून दळून त्याचा पाव केला. त्याहून मोठी मुले आदिमानव कसा राहिला, त्याला विस्तव कसा सापडला, हत्यारे कशी झाली, हे स्वतः करून पाहत. शाळेत दुपारचे जेवण मुले आळीपाळीने आपल्या हाताने करीत. एका वाटीला इतके पाणी तर दहा जणांना किती, हा हिशेब फळ्यावरचा नव्हता. चुकला तर पानात खीर पातळ येई. भांडी मांडणे, वाढणे, आवरणे हेही मुलांकडेच. आणि भगिनींनो, ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, मुलगे आणि मुली दोघेही स्वयंपाक करीत, दोघेही शिवीत, दोघेही रंधा मारीत.

एके दिवशी वर्गात अंडी उकडावयाची होती. पाणी किती तापले म्हणजे काय होते, हे मुले आधी भाज्यांवर पाहत आली होती. एक मूल कंटाळले. पाकशास्त्राचे पुस्तक आहे, त्यातील कृती पाहून मोकळे व्हावे, असे त्याला वाटले. शिक्षिकेने मुलांनाच विचारले, की पुस्तकातील कृती तरी आली कोठून? बोलता बोलता मुलांच्याच लक्षात आले, की नुसती कृती पाहून केले तर अमुक असे का करावे हे कधीच कळणार नाही. मग त्यांनी कमीजास्त तापलेल्या पाण्यात अंड्याचा पांढरा बलक केव्हा मऊ राहतो आणि केव्हा चिवट होतो हे पाहिले, भाजीला जे झाले त्याशी ताडून पाहिले. हे मुलीने वाचून दाखविले तेव्हा मला हसू आले, आणि थोडे वाईटही वाटले. पाक एकतारी कुठवर आणि दोनतारी कुठून, हे मला बोटाने कळते. तीस वर्षे करीत आले. पण असे का होते, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही.

दुसरा प्रसंग कापसाचा. मुलांना कच्चा कापूस आणि कच्ची लोकर दोन्ही दिली. अमेरिकेत पूर्वीचे लोक सुती कपड्यांऐवजी लोकरीचे का वापरीत, हा प्रश्न होता. एका मुलाने बोंडातून हाताने सरकी काढावयास घेतली. अर्ध्या तासात जो स्वच्छ कापूस निघाला तो एक औंस, म्हणजे अडीच तोळेही भरेना. त्याने हिशेब केला, की एक माणूस दिवसभर बसला तरी हाताने एक पौंडच कापूस काढील. मग कताई करून पाहिली. कापसाचा धागा आखूड व निसरडा, लोकरीचा लांब व खरखरीत, म्हणून लोकर सहज कातली जाते. सरकी काढण्याचे यंत्र आल्यावरच कापसाचे राज्य का सुरू झाले, हे मुलांना इतिहासाच्या पुस्तकाआधी बोटांनी कळले. देवाच्या वाती वळण्यासाठी ज्यांनी कधी कापसातून सरकी काढली असेल त्यांना हे अर्ध्या तासाचे गणित पटेल. आपण ते गणित कधी मांडले नाही, एवढेच.

वाचणे, लिहिणे आणि हिशेब ह्यांना त्या शाळेत फाटा दिलेला नव्हता. फरक एवढाच, की मुलाला गरज वाटेपर्यंत थांबत. आपण केलेल्या प्रयोगाची नोंद ठेवावयाची तर लिहिता आले पाहिजे. पुढची माहिती हवी तर वाचता आले पाहिजे. थोरल्या मुलांनी तर आपल्या बैठकांसाठी एक छोटेसे घर स्वतः आखून बांधले. त्यात मोजमाप, भूमिती, खर्चाचा हिशेब, सुतारकाम आणि एकमेकांशी जुळवून घेणे, हे सगळेच आले. हे शेवटचे ड्यूईंना सर्वांत महत्त्वाचे वाटे. दहा जणांनी मिळून एक काम केले की आळशीपणा, अप्पलपोटेपणा आपोआप उघडा पडतो, आणि मदत करणे ही चोरी न ठरता रीत होते. लोकशाही म्हणजे मतपेटी एवढेच नव्हे. ती मुलांना रोज एकत्र राहून, एकत्र करूनच शिकावी लागते, असे त्यांचे मत होते.

ही शाळा दिसते तितकी सोपी नव्हती. विद्यापीठाकडून पैसा थोडा. पुष्कळसा भार फीवर आणि पालकांनी व हितचिंतकांनी गोळा केलेल्या रकमेवर. १८९९ साली ड्यूईंनी पालकांपुढे शाळेविषयी व्याख्याने दिली, ती शाळा आणि समाज ह्या अर्थाच्या नावाने पुस्तकरूपाने निघाली आणि देशोदेशी वाचली गेली. १९०२ साली शाळेत १४० मुले, २३ शिक्षक आणि मदतीस विद्यापीठाचे दहा विद्यार्थी होते. म्हणजे सहा मुलांमागे एक शिक्षक. मुलेही बहुतेक प्राध्यापकांची आणि सुखवस्तू घरांतली. पन्नास-साठ मुले एका खोलीत घेऊन बसणाऱ्या आपल्या शिक्षकांनी हे कसे करावे, असे कोणी विचारील, तर तो प्रश्न खोटा नाही. साऱ्या देशाच्या सार्वजनिक शाळा बदलाव्या हा ड्यूईंचा हेतू. पण त्यांची स्वतःची शाळा लहान व वेगळीच राहिली, हे मान्य केले पाहिजे.

आता ह्या चरित्रातला मला सर्वांत लागलेला भाग सांगते. ॲलिसबाई प्रथमपासून त्या शाळेत राबत होत्या. १९०१ च्या सुमारास त्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्याच वेळी फ्रान्सिस पार्कर ह्या दुसऱ्या एका मोठ्या शिक्षणतज्ज्ञांची संस्था विद्यापीठात सामील झाली होती, आणि तिचीही शाळा होती. १९०२ साली पार्कर वारले. पुढे दोन्ही शाळा एक झाल्या आणि १९०३ साली एकत्र शाळेच्या मुख्याध्यापिकेची जागा ॲलिसबाईंना मिळाली. पार्करांच्या शाळेतील शिक्षकांना हे रुचले नाही. नवऱ्याच्या हाताखाली बायको, हे ठीक नव्हे, असाही आक्षेप होता. ॲलिसबाईंचा करारीपणा पाहून आपली नोकरी जाईल, अशीही अनेकांना धास्ती होती. विद्यापीठाचे अध्यक्ष हार्पर यांनी त्यांची नेमणूक एका वर्षापुरतीच धरली होती, आणि ही गोष्ट ड्यूई पतिपत्नींना ठाऊक नव्हती. १९०४ साली ती कळली. तेव्हा ॲलिसबाईंनी राजीनामा दिला आणि त्याच एप्रिलमध्ये ड्यूईंनीही दिला. आठ वर्षे वाढविलेली शाळा, विद्यापीठातील मोठे पद, सारे सोडून दोघे बाहेर पडली.

शिक्षकांची बाजूही अगदीच चुकीची होती असे मी म्हणणार नाही. ज्याच्या पोटावर येते त्याला भीती वाटणारच. परंतु समोरासमोर न सांगता एखाद्या बाईचे काम मुदतीत बांधून ठेवणे हे मनाला लागते. ॲलिसबाईंनी पुन्हा शाळा हाती घेतली नाही.

दुःखे एकटी येत नाहीत. नोकरी सोडल्यावर कुटुंब युरोपला निघाले. वाटेत आठ वर्षांचा गॉर्डन विषमज्वराने आजारी पडला आणि आयर्लंडमध्ये गेला. शाळेत सर्वांचा लाडका, मोठ्या माणसासारखे बोलणारा मुलगा. दुसऱ्यांदा परक्या मुलखात लेकरू ठेवून यावे लागले. तरीही पुढे इटलीत असताना ह्या आईबापांनी साबिनो नावाचा एक इटालियन मुलगा दत्तक घेतला, साधारण गॉर्डनच्याच वयाचा. त्याला स्वतःच्या मुलांत वाढविले.

१९०५ पासून ड्यूई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागले. येथे आपला महाराष्ट्र ह्या गोष्टीत येतो. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्याच विद्यापीठात गेले आणि ड्यूईंच्या वर्गात बसले. १९३६ साली जातिनिर्मूलनावर लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध भाषणात बाबासाहेबांनी ड्यूईंचा आपले गुरू म्हणून कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. समाजात माणसामाणसांत मोकळे दळणवळण असल्याशिवाय लोकशाही टिकत नाही, हा ड्यूईंचा विचार बाबासाहेबांच्या लेखनातून आपल्या घरापर्यंत आला आहे. शिकागोच्या शाळेत मुले एका मेजावर एकत्र रांधून जेवत, ते मला ह्या संदर्भात फार मोठे वाटते. ज्या देशात पंगती वेगळ्या होत्या, त्या देशातील विद्यार्थ्याला ह्या गुरूचे म्हणणे किती खोल गेले असेल!

१९१६ साली लोकशाही आणि शिक्षण ह्या विषयावरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. १९१९ साली ॲलिसबाईंसह ते जपानमार्गे चीनमध्ये गेले आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहून त्यांनी व्याख्याने दिली. बायकांना मताधिकार मिळावा ह्यासाठीही ते उघडपणे उभे राहिले. १९२७ साली ॲलिसबाई वारल्या. ड्यूई त्यानंतर पंचवीस वर्षे जगले आणि अखेरपर्यंत लिहीत राहिले. १९३८ साली, जवळजवळ ऐंशीव्या वर्षी, त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांचे नाव घेऊन काही शाळा मुलांना वाटेल ते करू देत होत्या. मुलांना मोकाट सोडणे म्हणजे शिक्षण नव्हे, हे त्यांनी त्यात आपल्याच अनुयायांना बजावले. कामातून शिकवावयाचे तर शिक्षकाला उलट अधिक विचार करावा लागतो, कोणते काम कोणत्या वयाला आणि त्यातून पुढे काय, हे आधी ठरवावे लागते.

जून १९५२ मध्ये बाबासाहेब कोलंबियाची सन्माननीय पदवी घेण्यास न्यूयॉर्कला गेले. आपल्या गुरूंना भेटण्याची त्यांना आस होती. पण १ जून १९५२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, ड्यूईंनी देह ठेविला आणि गुरुशिष्यांची ती भेट राहून गेली.

ड्यूई सोडून गेले तरी शाळा मोडली नाही. शिकागो विद्यापीठाने ती चालू ठेविली. आजही तेथे बालवर्गापासून बारावीपर्यंतची मुले शिकतात. अमेरिकेचे अध्यक्ष झालेले बराक ओबामा यांच्या दोघी मुलीही शिकागोत असताना ह्याच शाळेत जात. फी आजही सामान्यांना न परवडणारी आहे. पण तेथील विचार मात्र फी न भरता जगभर गेला. आपल्या पाठ्यपुस्तकांतून हल्ली करून पाहा असे जे लिहिलेले असते, त्यात त्या सोळा मुलांच्या घरातील शाळेचा अंश आहे.

हे सारे वाचल्यावर मी आपल्या बालवाडीत एक दिवस मुद्दाम जाऊन बसले. मुले शेंगा सोलीत होती. एका मुलीने विचारले, की ह्या शेंगेत सात दाणे आणि हिच्यात चारच का? बालवाडीच्या ताईंनी उत्तर दिले नाही; सगळ्यांना आपापल्या शेंगांतले दाणे मोजावयास लावले. कोणाच्या आठ निघाल्या, कोणाचे पाच. लांब शेंगेत नेहमीच जास्त असतात का, हेही पोरांनी पाहिले. अंक तेथे होते. पाटीवर नव्हते, एवढेच. मात्र शेंगा सोलून टोपल्यात टाकल्या आणि झाले, असे जर आपण केले, तर पालकांची तक्रार खरी ठरेल, हेही ह्या चरित्रानेच मला शिकविले. काम तेच असते. कोणी का म्हणून विचारले आणि त्याला थांबून पाहू दिले, तर ते शिक्षण होते. नाहीतर ते नुसते राबणे.

माझी शाळा चुलीने नेली, असे मी इतकी वर्षे मनाशी धरून होते. आता वाटते, चुलीपाशीही पुष्कळ होते. मला त्याविषयी विचारणारे कोणी नव्हते. आणि ज्या हातात पोळपाट आहे त्याच हातात पाटीही हवी, हे सांगणारे तर कोणीच नव्हते. आपल्या मुलींच्या बाबतीत असे होऊ नये, आणि मुलग्यांनाही पोळपाट ठाऊक असावा, एवढे आपल्या मंडळाकडून झाले तरी पुष्कळ झाले. येत्या पालकसभेत मी मागच्या सतरंजीवरून उठून हे सांगणार आहे. भगिनींनी त्या दिवशी अवश्य यावे.